खारपाणपट्ट्यातला समुद्र: खाऱ्या पाण्याच्या टाकीत रेतीचा खोल थर कसा बसवायचा, कसा सांभाळायचा

आमच्या तालुक्याचं नाव दर्यापूर, पण खरा दर्या इथून सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आसपास. घरात खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी बसवतोय म्हटल्यावर शेजारचे काका ओट्यावरूनच म्हणाले, "काऊन रे, आपल्या इहिरीचं पानी खारंच हाये, मंग मीठ कायले इकत आनतं?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचं उत्तर पुढे पाण्याच्या भागात देतो.

हा लेख टाकीतल्या एकाच गोष्टीबद्दल आहे. तळाशी पाच इंच जाडीचा बारीक रेतीचा थर. हौशी लोक त्याला डीप सँड बेड किंवा नुसतं डीएसबी म्हणतात. खेड्यात राहणाऱ्याला मला तो सोयीचा वाटतो, कारण त्यात बिघडणारं यंत्र नाही, बदलायचं काडतूस नाही आणि सुट्या भागासाठी अमरावती-नागपूरच्या चकरा नाहीत. मात्र तो घाईच्या माणसाचा नाही. ज्याला दर रविवारी टाकीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी हलवावंसं वाटतं, त्याने एक इंच रेती टाकावी आणि ती खुशाल धूत बसावं.

रेतीच्या पोटात काय चालतं

मासा खातो, विष्ठा टाकतो, उरलेलं खाणं कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. रेतीच्या वरच्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये प्राणवायू पोचतो, तिथले जिवाणू अमोनियाचा नायट्राइट आणि नायट्राइटचा नायट्रेट करतात. इथवरचं काम कोणताही फिल्टर करतो. पण नायट्रेट साचत राहतो आणि तो काढायला पाणी बदलण्यावाचून साधा उपाय नसतो.

खोल रेतीचा उपयोग इथे होतो. दोन सेंटीमीटरच्या खाली प्राणवायू जवळजवळ संपतो. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि शेवटी नायट्रोजन वायू सोडतात. तो बुडबुड्यांनी वर येऊन हवेत जातो. काचेतून पाहिलं तर रेतीच्या आत मुरमुऱ्याएवढे, कधी त्याहून लहान पोकळ ठिपके दिसतात. पहिल्यांदा ते दिसले की रेती काम करू लागली असं समजा. माझ्या टाकीत पहिला ठिपका साडेतीन महिन्यांनी दिसला आणि तो मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. कोणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही.

त्याच्याही खाली, अगदी तळाशी, नायट्रेटही संपतो. तिथले जिवाणू पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. लोहाशी संयोग होऊन तिथली रेती काळी पडते. खाली काळेपणा असणं हा दोष नाही. तो जागचा हलला नाही, तर वरच्या माशाला त्याची खबरही लागत नाही.

१९८० च्या दशकात मोनॅकोत जाँ जोबेर या सागरी जीवशास्त्रज्ञाने रेतीखाली पाण्याची पोकळी ठेवून अशी टाकी चालवली. पुढे अमेरिकेत रॉन शिमेक या प्राणिशास्त्रज्ञाने पोकळीशिवायचा, किड्यांनी भरलेला बारीक रेतीचा थर लोकप्रिय केला. आपण दुसरा प्रकार करणार आहोत.

वजनाचा हिशेब

टाकी घ्यायच्या आधी कागद घ्या. लांबी, रुंदी आणि रेतीची जाडी सेंटीमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा, लिटर मिळतात. कोरड्या रेतीसाठी त्याला दीडने गुणा, किलो मिळतात. माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, वीस इंच उंच. रेती पाच इंच, म्हणजे अर्ध्या वितीपेक्षा जरा जास्त. ९१ गुणिले ४६ गुणिले १२.७, म्हणजे सुमारे ५३ लिटर. रेती झाली ८० किलो. पाणी, काच, दगड आणि लोखंडी स्टँड धरून सगळं मिळून साडेतीन क्विंटलच्या वर जातं. कापसाने ठासून भरलेली बोदरी पसरून ठेवता येतात, हे वजन चार पायांवर उभं राहतं.

मातीच्या, शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे ठेवू नका. पाय खचतो, टाकी एका बाजूला कलते आणि काचेचा सांधा सुटतो. स्लॅबच्या घरात भिंतीला लागून, खाली फरशी पक्की असेल तिथे ठेवा. आमच्याकडे काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात भेगाळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा पाणी भरायच्या आधी लेव्हल तपासा आणि एका पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा. स्टँड गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलात तर त्याला इपॉक्सी रंगाचे दोन हात द्या. मीठ साध्या रंगाखाली शिरतं आणि वर्षात पोपडे निघतात.

रेती घाटावरची नको

आपल्याकडे रेती म्हटलं की ट्रॅक्टर आठवतो. नदीची रेती इथे चालत नाही. तिच्यात गारगोटीचे, काळ्या पाषाणाचे कण असतात, लोहयुक्त काळे दाणे असतात. ती पाण्याला काही देत नाही आणि त्या दाण्यांतून काय सुटेल याचा भरवसा नाही. शंका असेल तर दोन चाचण्या घरीच करा. चमचाभर कोरड्या रेतीत चुंबक फिरवा, काळी भुकटी चिकटली तर ती रेती बाद. मग चिमूटभर रेतीवर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर ती चुन्याच्या जातीची आहे.

हवी ती अ‍ॅरगोनाइट रेती. हा कॅल्शियम कार्बोनेटचाच एक प्रकार, प्रवाळ आणि शिंपले ज्याचे बनतात तो. खोल थरात आम्लता वाढते तेव्हा अ‍ॅरगोनाइट हळूहळू विरघळतो आणि पाण्याला थोडं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्लता झेलायची ताकद, परत देतो. दाणा साखरेसारखा बारीक घ्या, बराचसा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, एक मिलिमीटरच्या वर नको. दुकानदार 'प्रवाळाचा चुरा' म्हणून ज्वारीएवढे दाणे दाखवतो, ते दिसायला छान असतात. पण त्यांच्या फटीत घाण अडकते आणि किड्यांना त्यात बीळ करता येत नाही. वणी-राजूरकडे चुनखडी भरपूर, तिचा दळलेला चुरा स्वस्त पडेल असं मलाही वाटलं होतं. पण फोडलेल्या दगडाच्या कडा धारदार असतात, मऊ अंगाच्या अळ्या त्यात टिकत नाहीत.

समुद्रकिनाऱ्यावरून पिशवीभर वाळू आणायचा मोहही टाळा. ती बहुतेक सिलिकाची किंवा काळी असते, आणि किनाऱ्याची वाळू उचलणं कायद्यातही बसत नाही.

जाडीबद्दल माझं मत ठाम आहे. एक इंच ठेवा किंवा चार इंचांच्या वर जा. दोन-अडीच इंचांचा थर ना धड साफ करता येत, ना धड नायट्रेट संपवत.

पाणी, आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. इथल्या विहिरी खाऱ्या आहेत हे खरं. पण समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आपल्या विहिरीत त्याचा लहानसा अंश. शिवाय समुद्रात सोडियम, क्लोराइड, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचं ठरलेलं प्रमाण असतं. विहिरीत सोडियम आणि बायकार्बोनेट भलतेच, मॅग्नेशियम आपल्या मर्जीने. लोणारचं सरोवरही खारंच आहे, पण त्याचा पीएच दहाच्या आसपास, त्यात समुद्राचा मासा सोडून बघायची गरज नाही. त्यामुळे काका, मीठ विकतच आणावं लागतं. तेही अ‍ॅक्वेरियमचं सागरी मीठ. स्वयंपाकघरातलं किंवा गुरांचं नाही.

पाण्यातले सगळे क्षार आधी काढून टाकायचे आणि मग हवे ते घालायचे. गावातल्या आरओच्या कॅनचं पाणी पिण्यासाठी ठीक असतं, पण विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर साठ, ऐंशी, कधी शंभरावर आकडा येतो. ते पाणी डीआय रेझिनच्या, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या, नळीतून काढून शून्यावर आणा. घरीच आरओ बसवणार असाल तर खाऱ्या विहिरीवर त्याचा पडदा लवकर तुंबतो, नळयोजनेचं पाणी मिळत असेल तर ते वापरा, क्लोरीनसाठी आधी कार्बनचं काडतूस लावा. पावसाचं पाणी टिनाच्या छपरावरून घेऊ नका. टिनावरचं जस्त किड्यांना आणि गोगलगाईंना मारतं. एसीचं ठिबकणारं पाणीही तांब्याच्या नळीवरून येतं, ते नको.

मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. माझ्या टाकीत रेतीच्या फटींत मुरलेलं धरून पावणेदोनशे लिटर पाणी मावतं, म्हणजे सहा किलोच्या वर मीठ. ड्रममध्ये मोटर फिरवत एक दिवस ठेवा, मग खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने बघा. घनता १.०२५ ते १.०२६ आली पाहिजे. ड्रम नवा घ्या. खेड्यात औषधाचे रिकामे ड्रम धुऊन वापरायची सवय आहे. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही धुतला तरी इथे चालणार नाही.

बसवण्याचा दिवस

आधी दगड, मग रेती. नवखे उलटं करतात. रेतीवर दगड ठेवला की त्याखालची जागा बंद पडते, आणि एखाद्या माशाने कडेला उकरलं तर दगड कलंडून काचेवर येतो. पीव्हीसी पाइपचे चार-चार इंचांचे तुकडे कापा, त्यांना भोकं पाडा, ते सरळ तळाच्या काचेवर उभे करून त्यांच्यावर दगड बसवा. दगड हाताने हलवून बघा, डुलला तर आत्ताच नीट करा. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' कोणी देऊ केला तर घेऊ नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि तो दगड म्हणजे बहुधा मेलेला प्रवाळच असतो. कारखान्यात बनवलेले सच्छिद्र दगड मिळतात, ते पुरतात.

रेती एक-दोन पाण्यांनी खळबळा, तांदळासारखी. पांढरं पाणी पूर्ण निवळेपर्यंत धुत बसलात तर सगळ्यात बारीक दाणेच वाहून जातील, आणि तेच आपल्याला हवेत. पूर्ण पाच इंच एकाच दिवशी टाका. नंतर वरून थर चढवला की खाली वस्ती केलेले जीव गुदमरतात. रेतीवर जुनं ताट उपडं ठेवा आणि पाणी ताटावर सोडा. तरीही टाकी दुधासारखी होईल. दोन-तीन दिवस तशीच राहील. हात घालू नका.

काचेच्या बाहेरून, रेतीच्या उंचीएवढी काळी चिकटपट्टी तीन बाजूंनी लावा. उजेड आत गेला की काचेला लागून शेवाळ धरतं. समोरच्या बाजूला पट्टी अशी लावा की काढता येईल, कारण आत काय चाललंय ते बघण्यातच तर गंमत आहे.

सहा आठवडे

आता मासे नाहीत. अमोनिया घालायचा आणि जिवाणूंची वाट बघायची. सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा टाकला तरी चालतं, पण मोजता येत नाही आणि घर वासाने भरतं. अमोनियम क्लोराइड बरं. हा म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाल्याकडचा. पण कल्हईचा नवसागर शुद्ध नसतो, प्रयोगशाळेच्या प्रतीचा मागवा. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) न्या आणि दोन दिवसाआड चाचणी करा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागला की पहिला टप्पा झाला. चार ते सहा आठवडे लागतात. हिवाळ्यात पाणी २५ अंशांच्या खाली जाऊ दिलंत तर आणखी.

नायट्रेट मात्र या वेळी शून्य होणार नाही. ते काम खालच्या थराचं, आणि तिथली वस्ती बसायला सहा महिने द्या. या काळात नायट्रेट वीस-तीस दिसतो म्हणून लोक घाबरतात आणि रेती उकरून 'साफ' करतात. तिथून मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

वखर चालवणारे जीव

माझ्या बाबांनी टाकी बघून पहिला सल्ला दिला तो डवरा फिरवायचा. "एवढी रेती पडून राह्यली तं दबून जाईल." शेतकरी माणसाची शंका बरोबर आहे. न हलणारी रेती खरंच दबते. पण डवरा आपण चालवायचा नसतो. त्यासाठी आत गांडुळांसारखी गडीमाणसं लागतात आणि ती बाहेरून आणावी लागतात. एखाद्या जुन्या, चालत्या टाकीतली पेलाभर वरची रेती मिळाली की त्यातच सगळं बियाणं असतं. केसाळ अळ्या, बारीक झिंग्यांसारखे अ‍ॅम्फिपॉड, ठिपक्याएवढे कोपेपॉड, ताऱ्यासारखे, बारीक हातांचे चिमुकले भंगुरतारे. दोन-तीन वेगवेगळ्या टाक्यांतून घेतलंत तर जाती जास्त मिळतात.

यात नॅसॅरियस जातीच्या पाच-सहा गोगलगाई घाला. दिवसभर त्या रेतीत गाडलेल्या असतात, बाहेर फक्त एक बारीक नळी. खाण्याचा तुकडा पाण्यात पडला की दहा-पंधरा सेकंदांत चार ठिकाणी रेती फुगते आणि सोंडा वर येतात. मग अख्खी गोगलगाय उसळून बाहेर, आणि वासाच्या दिशेने जी पळत सुटते ती गोगलगाय वाटतच नाही. प्रत्येक खेपेला त्या थोडी रेती वर-खाली करतात. शंकूच्या आकाराच्या सेरिथ गोगलगाई वरचं शेवाळ खातात, त्याही असू द्या.

अळ्यांची भीती नको. रात्री अकरानंतर लाल उजेडात पाहा. काचेला लागून बोटभर लांब, गुलाबी-राखाडी, कडेने पांढरे केस असलेली अळी आपल्या बिळातून अर्धी बाहेर येऊन चाचपडत असते. पाहुणे किळस करतात. ती माशाला धरत नाही, मेलेलं आणि उरलेलं खाते. उघड्या बोटाने धरू नका एवढंच, केस कुसळासारखे टोचतात.

कोण नको ते जास्त महत्त्वाचं. रेती उपसणारा तारामासा दुकानदार 'सँड क्लीनर' म्हणून देतो. तो रेतीतले हेच जीव खातो आणि काही महिन्यांत त्यांना संपवून स्वतः उपाशी मरतो. तोंडाने रेती चाळणाऱ्या गोबी माशांचंही तेच. परदेशी लेखांत समुद्रकाकडी ठेवायला सांगतात. आपल्याकडे समुद्रकाकडी आणि समुद्रघोडा २००१ पासून संरक्षित यादीत आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मासे थोडे ठेवा. क्लाउनफिशची जोडी आणि आणखी एक-दोन लहान मासे एवढ्या टाकीला पुष्कळ झाले. क्लाउनफिश पैदास केंद्रातलाच मागा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारण नाही.

रोज, आठवड्याला

रोजचं काम पाच मिनिटांचं. तापमान बघणं, पाण्याची रेषा बघणं, मासे मोजणं. पाणी घटलं तर गोडं पाणी घालायचं, खारं नाही. वाफ होऊन फक्त पाणी जातं, मीठ मागे राहतं.

आठवड्याला अल्कलिनिटी, महिन्याला नायट्रेट आणि फॉस्फेट. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (हे तिचं माप), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास. फॉस्फेटला रेती संपवत नाही, हे नीट लक्षात ठेवा. तो रेतीत साचतो आणि वर्षांनी परत सुटू लागतो. जुन्या टाक्या अचानक शेवाळाने भरतात त्यामागे बहुतेक वेळा जास्त खाऊ घालणं असतं. गोठवलेलं खाणं चाळणीत धुऊन द्या, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

पाणी दर पंधरवड्याला दहा टक्के बदलतो. त्या वेळी वर साचलेला विष्ठेचा, उरलेल्या खाण्याचा भुसा नळीने अलगद ओढायचा, नळी रेतीत खुपसायची नाही. कोपऱ्यात भुसा पुन्हा पुन्हा साचत असेल तर तिथे प्रवाह पोचत नाही, मोटरचं तोंड वळवा. मात्र थेट रेतीवर मारू नका, खड्डा पडतो. लाल-जांभळी साय धरली तर तीही याच दोन कारणांनी, मंद प्रवाह आणि जास्तीचं खाणं. औषध घालून ती घालवायच्या फंदात पडू नका. आणि तांब्याचं औषध तर या टाकीत कधीच नको. रेती ते शोषते आणि आतले सगळे जीव जातात. आजारी माशाला वेगळी साधी टाकी ठेवा.

कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी घालायची पद्धत आहे. निवळीचा पीएच बाराच्या वर, म्हणून ती रात्री थेंब-थेंब. भसकन ओतली की वरची रेती सिमेंटसारखी जमते, बोटाने दाबून फोडावी लागते. चुना शुद्ध हवा, खर्र्याच्या पुडीतला नव्हे.

खर्र्याचं निघालंच आहे तर सांगतो. खर्रा घोटलेला हात टाकीत गेला तर निकोटिन पाण्यात जातं आणि ते माशांना विष आहे. माझ्या टाकीवर पाटी आहे, 'हात घालू नये'. तरी एका लग्नाला जमलेल्या पाहुण्यांपैकी एकाने मासा पकडून दाखवायचा प्रयत्न केलाच. पाहुण्याला काय बोलणार. निम्मं पाणी बदललं, विष शोषून घेणारा कार्बन टाकला.

त्याहून मोठा धोका श्रावण-भाद्रपदात असतो, कपाशीवर फवारणी सुरू झाली की. ही औषधं कीटकांसाठी बनलेली असतात आणि आपल्या रेतीतले झिंगे-अ‍ॅम्फिपॉड कीटकांचेच दूरचे भाऊबंद. शेतातून आल्यावर आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय टाकीजवळ जायचं नाही. हवेची मोटर खोलीतलीच हवा पाण्यात ढकलते, म्हणून शेजारच्या वावरात पंप चालू असेल तर त्या बाजूची खिडकी बंद. डासांची अगरबत्ती आणि मशिनही त्या खोलीत लावू नका.

मे महिना आणि गेलेली लाईन

बाहेर ४५ अंश असताना टाकी २७ वर ठेवायची आहे. ३० च्या वर गेली की गोळाबेरीज बिघडते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि त्याच वेळी रेतीतले जिवाणू जास्त ओढतात. चिलर परवडला तर उत्तम, मला परवडला नाही. आपल्याकडे मेची हवा कोरडी असते याचा फायदा घ्या. टाकीचं झाकण काढून पाण्यावर तिरका पंखा सोडला की तीन-चार अंश उतरतात, खोलीत कूलर असेल तर आणखी. पण मग माझ्या टाकीतून दिवसाला पाच लिटर पाणी उडतं. तीन दिवस भरलं नाही तर ३५ ची खारटी ३८ वर जाते. यावर उपाय कूलरच्या दुकानातच आहे, कूलरचा फ्लोट. पूर्ण प्लॅस्टिकचा निवडा, पितळी दांडीचा नको. उंचावर गोड्या पाण्याची बादली, तिला नळी, नळीला फ्लोट. पाणी घटलं की आपोआप भरतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याची जादू संपते, पण तोवर बाहेरचा पारा उतरलेला असतो.

लाईन गेली की मोटर थांबते, आणि रेती मात्र प्राणवायू ओढतच राहते. तास-दोन तासांत फारसं बिघडत नाही. रात्रभर गेली तर सकाळी मासे वरच्या पाण्याशी तोंड लावून असतात. बॅटरीवर आपोआप सुरू होणारी हवेची मोटर ही टाकीइतकीच आवश्यक वस्तू समजा. घरी इन्व्हर्टर असेल तर फक्त प्रवाहाची मोटर त्यावर घ्या, दिवे आणि बाकी काही नाही. लाईन नसताना खाऊ घालू नका.

सडक्या अंड्याचा वास

तिसऱ्या वर्षी मी स्वतः हा मूर्खपणा केला. एक भांडखोर मासा दगडाआड लपत होता, त्याला पकडायला मी कोपऱ्यातला दगड उचलला. तो एकच दगड मी नंतर आणून रेतीवर ठेवला होता, पाइपवर बसवलेला नव्हता, आणि तो अर्धा रुतला होता. ओढला तसा तळातून शाईसारखा काळा लोट वर आला. स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "कोनाचं अंडं सडलं रे?" अर्ध्या तासात एक क्लाउनफिश आडवा होऊन धापा टाकू लागला. ड्रममध्ये मिसळून ठेवलेलं खारं पाणी होतं म्हणून दोघांना बादलीत घेतलं, हवा सोडली. एक वाचला.

तेव्हा मिसळलेलं पाणी नेहमी तयार ठेवा. काळी रेती उघडी पडलीच तर आधी मासे बाहेर, मग हवा जोरात, कार्बन, आणि पाणी बदल. हायड्रोजन सल्फाइड हवेशीर पाण्यात काही तासांत नाहीसा होतो, पण तेवढे तासच जिवावर येतात. टाकी हलवायची असेल, घर बदलायचं असेल तर जीव आधी दुसरीकडे काढा आणि रेती सगळ्यात शेवटी. खालची काळी रेती नव्या जागी जशीच्या तशी ओतू नका. वरची दोन इंच जपून घ्या, बाकी धुऊन, वाळवून वापरा.

ही भीती ज्यांना नको, त्यांनी थर टाकीत न घालता वीस लिटरच्या बादलीत घालावा. बादली खाण्याच्या वस्तूंसाठीची असावी, रंगाची नको. काठापासून चार बोटं सोडून रेती भरायची, टाकीचं पाणी एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, रेतीच्या वरून वाहतं, आतून नाही. प्रवाह एवढा की भुसा बसू नये. झाकण लावून अंधारात ठेवायची. बिघडली तर नळ्या काढल्या आणि बादली अंगणात, टाकीला धक्का नाही. किड्यांची मजा बघायला मिळत नाही, पण लहान मुलं असलेल्या घरात मी हाच मार्ग सुचवतो.

वर्षातून एकदा

अ‍ॅरगोनाइट विरघळतो, थर खचतो. काचेवर पेनाने सुरुवातीची रेषा आखून ठेवा. सेंटीमीटरभर उतरला की नवी ओली रेती कपात घेऊन, मोटर बंद करून, एकेका कोपऱ्यात पसरा. आज एक कोपरा, पंधरा दिवसांनी दुसरा, म्हणजे खालच्या जिवांना वर सरकायला वेळ मिळतो. बंद टाकीत काही जाती हळूहळू संपतात, म्हणून वर्षा-दीड वर्षाने कोणाकडून तरी पेलाभर बियाण्याची रेती पुन्हा घ्या आणि आपली द्या.

ती पाठवायची पद्धतही सांगून ठेवतो, कारण मागच्या महिन्यातच तेल्हाऱ्याच्या एका मुलाला पाठवली. रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात दोन इंचच रेती, तीही वरच्या थरातली. तिच्यावर बोटभर टाकीचंच पाणी आणि बाकी डबा हवेने रिकामा. काठोकाठ पाणी भरलं तर प्राणवायू उरत नाही. डबा ओल्या फडक्यात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात. उन्हाळा असेल तर पहाटेच्या एसटीने, दुपारच्या नाही. आणि घेणाऱ्याने स्टँडवर वेळेआधी उभं राहायचं, हे फोनवर दोनदा सांगायचं.